वेब चिन्हांकन भाषा

चिन्हांकन भाषा अर्थात मार्कअप भाषा म्हणजे मजकुरातील शीर्षक, परिच्छेद, दुवा इत्यादी घटक संगणकाला खुणांद्वारे ओळखता यावेत यासाठीची लेखनपद्धती. या खुणांना टॅग म्हणतात.

एसजीएमएल हे १९८६ सालचे आंतरराष्ट्रीय मानक वेबवरील प्रमुख चिन्हांकन भाषांचे मूळ होय. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेली एचटीएमएल त्याच धर्तीवर घडली. १९९८ मधील एक्सएमएल हे त्याचेच सुटसुटीत रूप. एक्सएमएल ही एचटीएमएलची सुधारित आवृत्ती असल्याचा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. एचटीएमएलचे टॅग ठरलेले असतात, एक्सएमएलमध्ये ते वापरकर्ता ठरवतो. टॅग बंद करायचा राहिल्यास एक्सएमएल दस्तऐवज सदोष ठरतो. एचटीएमएलमधील अशा चुका ब्राउझर सांभाळून घेतो. एक्सएमएलची शिस्त एचटीएमएलला लावण्याचा एक्सएचटीएमएल (२०००) हा प्रयत्न फारसा रुजला नाही. २०१४ मध्ये मान्यता मिळालेल्या एचटीएमएल५ने एसजीएमएलशी असलेले नातेही सोडले.

देवनागरी मजकुरासाठी एचटीएमएलमधील ‘लँग’ हा गुणधर्म विशेष महत्त्वाचा आहे. मराठीसाठी त्यात ‘एमआर’, तर हिंदीसाठी ‘एचआय’ असा संकेत देतात. बुलढाणा जिल्ह्यातील ‘चिखली’ हे गावाचे नाव दोन्ही भाषांत त्याच युनिकोड चिन्हांनी लिहिले जाते. मात्र त्यातील ‘ल’चे रूढ मराठी वळण हिंदीहून वेगळे आहे. फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असल्यास त्यांतील कोणते दाखवायचे, हे ब्राउझर या संकेतावरून ठरवतो. संकेत नसल्यास मराठी पानावर हिंदी ‘ल’ उमटू शकतो. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीही योग्य भाषेतील आवाज याच संकेतावरून निवडू शकतात.