नोंदवहीचे राज्य : चॉक्टॉ एजन्सीचा इतिहास

एखाद्या समाजाची जमीन हिरावून घ्यायला दर वेळी तोफाच लागतात असे नाही. एक कचेरी, एक अधिकारी आणि एक नोंदवही एवढ्यावरही भागते. अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी राष्ट्राचा इतिहास याची साक्ष देतो. आजच्या मिसिसिपी राज्याचा मोठा भाग या मका पिकवणाऱ्या लोकांचा होता. तेथे असेपर्यंत त्यांनी संयुक्त संस्थानांविरुद्ध कधी युद्ध पुकारले नाही; उलट 1813-14 च्या क्रीक युद्धात त्यांचा प्रमुख पुशमताहा अमेरिकन सैन्याच्या बाजूने लढला.

या मित्रराष्ट्रात सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहणारा तो एजंट, आणि त्याची कचेरी म्हणजे एजन्सी. कराराने ठरलेली वार्षिक रक्कम वाटणे, व्यापारावर देखरेख ठेवणे, गोऱ्या घुसखोरांना आवरणे ही त्याची कामे. कागदावर तो चॉक्टॉंचा रक्षक होता. पण त्याची नेमणूक, पगार आणि बडतर्फी वॉशिंग्टनच्या हाती होती. राखणदाराची भाकरी ज्याच्या घरून येते, त्याचीच तो राखण करतो.

आधी उधारीचे हत्यार वापरले गेले. आदिवासींचे पुढारी कर्जात बुडाले की जमिनी देऊन कर्ज फेडतील, हे धोरण राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी 1803 सालच्या एका पत्रात उघडपणे मांडले होते. 1805 च्या माउंट डेक्स्टर कराराने चॉक्टॉंची 40 लाख एकरांहून अधिक जमीन गेली. मोबदला ठरला 50,500 डॉलर; त्यातले 48,000 डॉलर एका खाजगी व्यापारी पेढीचे कर्ज फेडण्यात गेले.

मोठा घाव 1830 साली बसला. पुशमताहाच्या साथीने लढलेला सेनापती अँड्र्यू जॅक्सन आता राष्ट्राध्यक्ष होता. 27 सप्टेंबर 1830 रोजी डान्सिंग रॅबिट क्रीक येथे झालेल्या कराराने चॉक्टॉंनी मिसिसिपीतील उरलीसुरली सारी जमीन सोडून पश्चिमेस जावे असे ठरले. मात्र करारात चौदावे कलम होते. ज्याला मायभूमीतच राहायचे असेल त्या कुटुंबप्रमुखाला 640 एकर, दहा वर्षांवरील प्रत्येक अविवाहित मुलामागे त्याच्या निम्मे आणि दहा वर्षांखालील मुलामागे पाव हिस्सा मिळणार होता. त्यासाठी अट होती : करार मंजूर झाल्यापासून सहा महिन्यांत एजंटाकडे नाव नोंदवायचे.

एजंट होता विल्यम वॉर्ड. कराराला 24 फेब्रुवारी 1831 रोजी मंजुरी मिळाली आणि लोक त्याच्याकडे येऊ लागले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी काड्यांच्या जुड्या बांधून आणल्या; कुटुंबप्रमुख किती, मोठी मुले किती, लहान किती याचा तो हिशेब होता. वॉर्डने त्या फेकून दिल्या आणि पश्चिमेची वाट धरायला सांगितले, अशा साक्षी पुढे चौकशीत नोंदल्या गेल्या. तो दारू पिऊन असे, लोकांना परत पाठवी, नोंदींचे कागद गहाळ होत. अखेर त्याच्या वहीत केवळ 69 कुटुंबप्रमुखांची नावे उरली. हजारो लोक मात्र मिसिसिपीतच राहिले होते. पुढे दाद मागायला गेलेल्यांपुढे प्रश्न आला तो वॉर्डच्या वहीत नाव आहे काय, हाच! ज्याने नाव लिहायला नकार दिला, त्याचीच वही पुरावा ठरली. या करारातून उद्भवलेल्या दाव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने चॉक्टॉ राष्ट्राच्या बाजूने निकाल दिला तो 1886 साली. तोवर नाव नोंदवायला गेलेली पिढी मातीआड झाली होती.

जे पश्चिमेस गेले त्यांच्यामागे एजन्सीही गेली. 1832 साली आजच्या ओक्लाहोमात ती उभी राहिली. तेथे वार्षिक रक्कम वाटली जाई, म्हणून भोवतालच्या गावाला स्कलीव्हिल हे नाव पडले. ‘इस्कुली’ म्हणजे चॉक्टॉ भाषेत पैसा. याच ठिकाणी 23 मार्च 1847 रोजी एक सभा भरली. आयर्लंडमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. निर्वासनाच्या वाटेवर थंडी, भूक आणि पटकीने आपली माणसे गमावलेल्या या लोकांनी त्या सभेत 170 डॉलर जमवून दिले. सरकारी खिरापतीवर जगणारे लोक अशी ज्यांची हेटाळणी झाली, त्यांचे हे दातृत्व आयरिश जनता आजही विसरलेली नाही.

पण या इतिहासाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. चॉक्टॉंमधले धनिक काळ्या गुलामांचे मालक होते. 1866 च्या कराराने गुलामी संपली, तरी मुक्त झालेल्यांना चॉक्टॉ राष्ट्राने नागरिकत्व दिले ते 1885 साली. पुढे डॉज आयोगाने नावांच्या याद्या केल्या तेव्हा ‘रक्ताचे’ चॉक्टॉ एका यादीत आणि मुक्त गुलाम दुसऱ्या यादीत गेले. पहिल्यांच्या वाट्याला सरासरी प्रतीची 320 एकर जमीन आली, दुसऱ्यांच्या वाट्याला 40 एकर. वॉर्डच्या वहीने ज्यांना नाकारले त्यांच्याच राष्ट्रात वहीचा नवा वर्ण तयार झाला. पीडित असणे म्हणजे आपोआप न्यायी असणे नव्हे.

मिसिसिपीत उरलेले लोक दुसऱ्यांच्या कापसाच्या शेतात अर्धेलीने राबत राहिले. त्यांची दैना आणि इन्फ्लुएन्झाची साथ पाहून 1918 साली सरकारने फिलाडेल्फिया या गावी पुन्हा एजन्सी उघडली. शाळा आल्या, रुग्णालय आले. 1945 साली त्यांनी स्वतःची घटना स्वीकारली. 1975 च्या स्वयंनिर्णय कायद्याचा आधार घेत एजन्सीची कामे त्यांनी एकेक करून आपल्या हाती घेतली. वही एजंटाच्या मेजावरून लोकांच्या मेजावर यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

चौदावे कलम वाचताना कोणालाही ते उदारच वाटेल. त्याचा जीव गेला तो वॉर्डच्या मेजावर. म्हणून हक्क जाहीर झाला की निम्मीच लढाई संपते. तो कोणाच्या वहीत, कोणाच्या हाताने, किती मुदतीत नोंदला जाणार, हे त्याच दिवशी विचारले पाहिजे.