वेगाचा भाव

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या नवलाईला व्यक्तीकडून अडीचशे तासांचे पाच हजार रुपये घेत, आणि वेग मिळे सेकंदाला ९.६ किलोबिट! तरी लोक हौसेने घेत.

२००४ च्या सरकारी धोरणाने ‘ब्रॉडबँड’ हे भारदस्त नाव किमान २५६ किलोबिटला बहाल केले. २०२३ मध्ये ती मर्यादा दोन मेगाबिटवर गेली. लोकांच्या मनातली व्याख्या मात्र ५ सप्टेंबर २०१६ नंतर पालटली. जिओने प्रथम काही महिने सारे फुकटच वाटले. एक जीबी महिनाभर पुरवणारे गृहस्थ पाहता पाहता रोज एक जीबी संपवू लागले. भाव उतरले हे खरेच. पण माझ्या मते मोठी उलथापालथ झाली ती मापात. महिन्याचे माप दिवसावर आले. उरलेले मध्यरात्री बुडते, याबद्दल कुणी फारसे भांडत नाही!

भांडण वेगाचे. रोजचा वाटा संपला की पुष्कळ योजनांत वेग ६४ किलोबिटवर उतरतो आणि ‘नेट बंद पडले’ अशी ओरड होते. वास्तविक तो १९९५ च्या सहापटींहून अधिक असतो. पण ही ओरड हसण्यावारी कशी न्यावी? तेव्हा अक्षरे धाडायची होती. २०२० मध्ये सबंध शाळाच फोनात आली. एका फोनवर दोन भावंडे असली, की धाकट्याच्या तासाला गुरुजींचा चेहरा पडद्यावर गोठून जाई. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, ते अशाच घरांना जड गेले.