संघात कोण आणि पंगतीत कोण?

क्रिकेटचा सामना मैदानावर तीन-चार दिवसांत संपतो. पण पुण्यात तो तेवढ्यावर कधीच संपलेला नाही. सामन्याच्या आधी आठ दिवस संघात कोणाला घ्यावे याचा खल सुरू होतो, आणि सामन्यानंतर महिनाभर कोणाला घ्यायला नको होते याचा. कट्ट्यावर, चहाच्या दुकानात, वाड्याच्या ओसरीवर जो तो निवड समितीचा अध्यक्ष असतो. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा उच्चांक ओलांडायला १० धावा हव्या होत्या, आणि उपाहाराच्या सुट्टीत प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. त्या १० धावांचा वाद आपल्या शहराने वर्षानुवर्षे चवीने घोळवला. प्रो. दि. ब. देवधरांनी १९४४ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली, तेव्हा माणसाने निवृत्त केव्हा व्हावे याची चर्चा कशी रंगली असेल, हे पुणेकराला सांगायला नको.

अशा चर्चेला आपण सहसा रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतो आणि बाजूला सारतो. आम्हाला मात्र वाटते की, समाजाचा इतिहास शोधणाऱ्याने दरबारी कागद जितक्या बारकाईने वाचावे तितक्याच बारकाईने या गप्पाही ऐकाव्यात. कारण 'संघात कोण असावे' हा प्रश्न विचारणारा माणूस, त्याला कळो वा न कळो, 'आपण म्हणजे कोण' या प्रश्नाचेही उत्तर देत असतो. पुण्यात एके काळी हा दुसरा प्रश्न अगदी उघडपणे विचारला गेला. त्याची ही हकीकत.

ती समजण्यासाठी त्या काळची संघरचना ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई इलाख्यातील मोठे क्रिकेट प्रांतवार नव्हते, जमातवार होते. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांचे सामने दरवर्षी मुंबईस व पुण्यास होऊ लागले. १९०७ साली त्यांत हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान आले आणि चौरंगी झाले. १९३७ साली ते पंचरंगी झाले आणि १९४६ मध्ये बंद पडले. म्हणजे हिंदूंचा संघ निवडायचा, तर आधी हिंदू कोण हे ठरवणे भाग होते. शास्त्रार्थात हा प्रश्न कितीही वर्षे लोंबकळत ठेवता आला असता. पण नाणेफेकीपूर्वी अकरा नावे द्यावीच लागतात. खेळाने समाजाची अशी कोंडी केली.

कोंडीचे निमित्त झाले पालवणकर बाळू. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडचा, चांभार समाजातला. घराण्याचे मूळ कोकणातले. बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम खेळ शिकले. पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरवणे या कामासाठी बाळूंना महिना ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते कॅम्पातील युरोपियनांच्या क्लबात लागले, तेथे ४ रुपये झाले. रूळ फिरवणे, सरावाची जाळी बांधणे आणि वेळ पडल्यास साहेबांना गोलंदाजी करणे, ही त्यांची कामे.

त्या क्लबात ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळलेला, या इलाख्यातला युरोपियनांचा सर्वांत भरवशाचा फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. त्याला बाद केले की दर वेळी ८ आणे बक्षीस मिळत, अशी आख्यायिका आहे. बक्षिसाचे खरे असो वा नसो, डाव्या हाताने टाकलेल्या मंदगती चेंडूला दिशा, टप्पा आणि वळण कसे द्यावे, हे बाळू इलाख्यातल्या उत्तम फलंदाजासमोर तासन्‌तास घटवीत राहिले. फलंदाजीची संधी मात्र त्यांना कोणी दिली नाही. मालकाने फटके मारावेत आणि नोकराने चेंडू टाकावेत, ही त्या मैदानावरची वर्णव्यवस्था.

आता पुण्याच्या हिंदूंनाही युरोपियनांना हरवायचे होते. गावातच ग्रेगला चकवणारा गोलंदाज आहे, हे सर्वांच्या कानावर होते. त्याला आपल्या संघात घ्यायचे की नाही, यावर वाद माजला. क्लबातील तेलुगू सभासद घ्यावे म्हणत. ब्राह्मण सभासदांपैकी पुष्कळांचा विरोध. शेवटी ग्रेगनेच जाहीरपणे सुचवले की बाळूला वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. ज्याला आपल्यावरच गोलंदाजी झालेली हवी होती, त्या साहेबाने आम्हाला आमचा माणूस दाखवून द्यावा, यात मौज आहे आणि लाजही आहे.

बाळू संघात आले आणि पुण्याच्या हिंदूंना विजय मिळू लागले. पण पुण्याने काढलेली तोड पाहा. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलू शके. त्याच चेंडूला प्रत्येक गडी हात लावू शके. चहाची सुट्टी झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा मिळे, आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या पात्रातून. जेवणाला वेगळे ताट, वेगळी जागा. तोंड धुवायला पाणी हवे असले, तर अस्पृश्य नोकराने ते मैदानाच्या कडेला आणून द्यायचे. सीमारेषेच्या आत अकरा गडी एक, आणि सीमारेषा ओलांडली की दहा आणि एक!

ही तोड ज्यांनी काढली ते दुष्ट नव्हते. त्यांतले बहुतेक शिकलेले, वर्तमानपत्रे वाचणारे, सुधारणेवर व्याख्याने ऐकणारे होते. ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली घातला, तिचेच हे गाव. बाळूंबरोबर खेळता येते तर बसून खाता-पिताही आले पाहिजे, असे रानड्यांनी पुणेकरांना बजावल्याची आठवण सांगतात. लोकमान्यांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला, असे म्हणतात. गावाने दोघांनाही टाळ्या दिल्या असतील. मातीचे पात्र मात्र बदलले नाही.

पुढे प्लेगच्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच खल झाला आणि पुन्हा गुणांचीच सरशी झाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना मुंबईत हरवले. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांचा. त्यांत बाळूंचा वाटा मोठा, आणि बंधू शिवरामही संघात होते. या विजयानंतर 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने जे भाष्य केले त्याचा आशय असा की, पुण्याच्या हिंदूंनी बाळूंना खेळापुरते जवळ केले, मुंबईकरांनी त्यापुढे जाऊन त्यांना पंगतीस घेतले. मुंबईने आपल्याला मागे टाकल्याचा दाखला पुणेकराला सहसा रुचत नाही. हा तर लेखी आहे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्याची निवडही जमातवार: ६ पारशी, ५ हिंदू, ३ मुसलमान. संघ बहुतेक सामने हरला; बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले, प्रत्येकी १९ हून कमी धावांत. तेव्हा ते पस्तिशीचे होते. गोलंदाज म्हणून त्यांच्याविषयी वाद असा उरलाच नाही. उरला तो एकच प्रश्न, कर्णधारपदाचा.

इथे प्रेक्षकांच्या चर्चेने नवे वळण घेतले, हे आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. चेंडू टाकण्यासाठी अंगी गुण लागतो, आणि गुण आकड्यांत मोजता येतो. तो नाकारणाऱ्याला धावफलकच खोटे पाडतो. कर्णधार म्हणजे हुकूम देणारा. त्याने बोट दाखवावे आणि इतरांनी त्या जागी जाऊन उभे राहावे. चांभाराच्या बोटाने ब्राह्मणाने जागा बदलायची काय, हा प्रश्न कोणी या शब्दांत विचारला नसेल; पण तो सर्वांना ऐकू येत होता. १९१३ साली कर्णधार झालेले म. दा. पै यांनी आपल्याच सत्काराच्या वेळी सांगितले होते की, हा मान खरे तर ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंचा होता. पै स्वतः सारस्वत ब्राह्मण. त्यांचे हे बोलणे समितीने ऐकून घेतले, इतकेच.

१९२० साली हे गळू फुटले. चौरंगी सामन्यांत पहिल्या लढतीस बाळूंना वगळले. कर्णधार पै आजारी पडले. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल तेव्हा हिंदूंचे पहिल्या प्रतीचे फलंदाज आणि अनुभवानेही मोठे. तरी कर्णधारपद आले पुण्याच्या २८ वर्षांच्या देवधरांकडे. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. वर्तमानपत्रांतून पत्रे आली, पक्ष पडले. अखेर पारशांशी व्हावयाच्या अंतिम सामन्यापूर्वी जिमखाना नमला. पै बरे होऊन कर्णधार झाले, बाळू उपकर्णधार म्हणून परत आले, दोघे भाऊही आले. आणि सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर राहिले, तेव्हा बाळूंनी संघ चालवला.

देवधर आपल्या गावाचे भूषण. १९४० आणि १९४१ साली महाराष्ट्राला लागोपाठ रणजी करंडक मिळवून देणारे ते कर्णधार, शंभरी पार करून १९९३ साली ते गेले. त्यांच्या थोरवीला या प्रकरणाने उणेपणा येत नाही. नेमणूक समितीने केली, त्यांनी नव्हे. पण आपला माणूस कर्णधार झाला म्हणून जो पुणेकर तेव्हा सुखावला असेल, त्याने दुसऱ्या बाजूला कोण उभे आहे हे पाहिले होते काय, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. जिमखान्याच्या समितीला जे ठरवायला दहा वर्षे लागली, ते प्रेक्षकांच्या खांद्यांनी एका संध्याकाळी ठरवले. विठ्ठलांनी १९४८ साली आपले 'माझे क्रीडा-जीवन' मराठीत लिहून ठेवले. १९५५ साली बाळूंचे निधन झाले, आणि मग हा सगळा इतिहास आपण विसरलो. रामचंद्र गुहा यांनी या शतकाच्या आरंभी तो पुन्हा उजेडात आणला.

हा रोग केवळ आमचाच होता असे नव्हे. अमेरिकेत अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळण्याच्या फुटबॉलचे वेड आहे. तेथेही शहराशहरांत आपल्या व्यावसायिक संघात कोण हवा, यंदा काय होणार, याचा खल बारा महिने चालतो. त्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. १९४६ साली लॉस एंजेलिसच्या संघाने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले. मैदान सार्वजनिक होते, आणि लोकांनी ते भेदभाव करणाऱ्यास देऊ नये असा आग्रह धरला. राजधानी वॉशिंग्टनचा संघ मात्र मालकाच्या हट्टापायी १९६१ पर्यंत निव्वळ गोरा राहिला. त्या हंगामात १४ सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला. तेथील प्रसिद्ध क्रीडालेखक शर्ली पोविच यांनी त्या धोरणाची वर्षानुवर्षे टिंगल केली, आणि शेवटी, मैदान सरकारी आहे याची सरकारने आठवण दिली, तेव्हा १९६२ साली बॉबी मिचेल आदी खेळाडू आले. हरण्याची लाज, जाणत्यांची चर्चा आणि मैदानावरचा सार्वजनिक हक्क, या तिन्ही गोष्टी एकवटल्या तेव्हाच दार उघडले. आपल्याकडच्या हकीकतीत मैदानाचा हा हक्क नव्हता. पहिल्या दोन मात्र तशाच दिसतात.

मग क्रिकेटने अस्पृश्यता घालवली काय? असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. खेळाच्या चर्चेत एक प्रामाणिकपणा असतो: ज्याला बळी मिळतात त्याला ती फार काळ नाकारू शकत नाही. तेवढ्या जोरावर बाळू सीमारेषेच्या आत आले. पण या प्रामाणिकपणाला मर्यादा आहे. ती उपयोगाचा माणूस ओळखते. ज्याचा उपयोग नाही त्याच्याविषयी गप्प राहते. बाळूंचा चेंडू वळत नसता, तर पुण्याने त्यांना मातीच्या पात्रातला चहाही दिला नसता. ज्याला डावखुरी फिरकी येत नाही, अशा त्यांच्या शेजाऱ्याचे काय, हा प्रश्न कट्ट्यावर कधी निघाला नाही. माणसाला माणूस म्हणून मिळायचे ते ११४ बळी घेतल्यावर मिळत असेल, तर त्याला न्याय म्हणता येत नाही. ते फार तर बक्षीस होय.

आजचा संघ जमातवार नाही, आणि आजची चर्चा चालू राहावी, भरपूर चालावी, असेच आम्ही म्हणू. कोणाचे पाय चेंडूकडे जात नाहीत, कोणाचा हात खाली पडतो, हे पुणेकराइतके बारकाईने कोण पाहणार? मात्र संघाची अकरा नावे मोजून झाली की आणखी एक गोष्ट मोजावी. सामना संपल्यावर ती अकराच माणसे एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेच्या कपातून चहा पीत आहेत की नाहीत? मैदानावर रूळ फिरवणाऱ्या मुलाच्या हाती कोणी चेंडू देतो आहे की नाही? आणि चेंडू दिलाच, तर पुढे कधी बॅटही देणार आहे की नाही?