किल्ली कोणाच्या खिशात?

१९९८ च्या पावसाळ्यात मी माझ्या आजोबांच्या आठवणी संगणकावर उतरवून घेतल्या. दुपारी ते सांगत, मी वहीत टिपून घेई आणि रात्री टाइप करी. सव्वाशे पानांचा मजकूर झाला. त्याची एकच छापील प्रत काढली. ती नातेवाइकांत फिरता फिरता कुठे गेली, ते कुणालाच आठवत नाही. आजोबा २००२ मध्ये गेले. पुढे चार वर्षांनी घरात नवा संगणक आला तेव्हा मोठ्या उत्साहाने ती जुनी फ्लॉपी उघडली, तर पडद्यावर मराठीचा मागमूस नाही. नुसती रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी.

फ्लॉपी खराब झालेली नव्हती. फाइलही शाबूत होती. अडचण वेगळीच होती. त्या काळी मराठी टायपिंगचे प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या फॉन्टपुरता स्वतःचा संकेत ठरवत असे. एकाच्या संकेतात जिथे ‘क’, तिथे दुसऱ्याच्या संकेतात ‘म’. तो ठरावीक फॉन्ट आणि ते ठरावीक सॉफ्टवेअर असेल, तरच मजकूर वाचता येणार. माझे जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेना आणि ते विकणाऱ्यांनी नव्या आवृत्तीचे पैसे सांगितले. आठवणी माझ्या आजोबांच्या, टायपिंग माझे, फ्लॉपी माझी. कुलपाची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात!

त्या दिवसापासून ‘आपण वापरतो ते सॉफ्टवेअर नेमके कोणाचे?’ हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. त्याचा शोध घेताना एका परक्या शहराची हकिकत हाती लागली. आज ती सांगायची आहे. पण त्याआधी थोडे मागे जाऊ.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करीत. तिथे झेरॉक्स कंपनीने दिलेला एक नवा प्रिंटर आला. तो वेगवान होता, पण त्यात कागद वारंवार अडके. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्टॉलमन यांनी स्वतः सोय केली होती, की कागद अडकला की ताटकळणाऱ्या माणसाला जागच्या जागी सूचना मिळे. नव्या प्रिंटरसाठीही तेच करावे म्हणून त्यांनी त्याचा मूळ प्रोग्राम, म्हणजे सोर्स कोड मागितला. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या संशोधकाकडे तो होता. पण तो कुणाला न देण्याच्या करारावर त्याने सही केली होती. त्याने नकार दिला. आपल्या यंत्रातला दोष आपल्याला कळतो, दुरुस्तीही येते, पण झाकण उघडायची परवानगी नाही, ही गोष्ट स्टॉलमन यांना फार लागली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभारायची, हा त्याचा हेतू. १९८९ मध्ये त्यासाठी खास परवानाही तयार झाला. त्यातली मेख अशी, की तुम्ही प्रोग्रामात बदल करून तो दुसऱ्याला दिलात, तर तुम्हाला मिळालेली मुभा त्यालाही द्यावी लागते. इंग्रजीत ‘फ्री’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, फुकट आणि मुक्त. त्यामुळे तिकडे फार घोटाळा झाला. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. ही चळवळ मुक्त सॉफ्टवेअरची, फुकट सॉफ्टवेअरची नव्हे.

स्टॉलमन यांच्या मंडळींनी बरेच भाग तयार केले. पण प्रणालीचा गाभा राहिला होता. ती उणीव भरून काढली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. ऑगस्ट १९९१ मध्ये आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे त्याने जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली सर्वांना खुली केली. तीच लिनक्स. जगभरच्या प्रोग्रामरांनी तिच्यात भर घातली. आज इंटरनेटचे बहुतांश सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा आहे. पण ऑफिसातल्या टेबलावरचा संगणक? तिथे मात्र विंडोज घट्ट ठाण मांडून बसली. ती हलवून पाहण्याचे धाडस केले जर्मनीतल्या म्युनिक शहराने.

२००३ मध्ये म्युनिक महापालिकेकडे सुमारे चौदा हजार संगणक होते. त्यांवर विंडोज एनटी ४ ही प्रणाली होती आणि मायक्रोसॉफ्ट तिची देखभाल थांबवणार होती. प्रणाली चालत होती, कर्मचाऱ्यांची तक्रार नव्हती. तरी नवीन घेणे भाग होते. नगराच्या कारभाऱ्यांना टोचले ते हेच. आपण कधी बदलायचे, हे दुसऱ्या कोणी का ठरवावे?

शहर लिनक्सचा विचार करते आहे हे कळताच मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले. कंपनीने किमतीतही भरघोस सूट देऊ केली. आता इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रश्न नुसता पैशांचा असता, तर तो तिथेच मिटला असता. पण २८ मे २००३ रोजी नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. कारण उघड होते. एकाच विक्रेत्यावर कायमचे अवलंबून राहायचे नाही.

प्रकल्पाचे नाव ठेवले ‘लिमक्स’. लिनक्सचे बोधचिन्ह पेंग्विन आहे. त्याला त्यांनी शहराच्या मानचिन्हातल्या बालभिक्षूचा पोशाख चढवला! निर्णय झाला, पण काम जिकिरीचे होते. पहिले संगणक लिनक्सवर आले ते २००६ मध्ये. महापालिकेच्या प्रत्येक खात्याचा संगणक विभाग वेगळा, प्रत्येकाची पद्धत वेगळी. पत्रांचे आणि अर्जांचे हजारो नमुने वर्षानुवर्षे विंडोजच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये साठत आले होते. ते सगळे गोळा करणे, त्यांतले निरुपयोगी काढून टाकणे, उरलेले नव्याने बांधणे, यात वर्षे गेली. या कामासाठी महापालिकेच्याच तंत्रज्ञांनी ‘वोलमक्स’ नावाचे साधन लिहिले आणि २००८ मध्ये तेही सर्वांना खुले करून टाकले. एका नगरपालिकेने लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या नगरपालिकेने विनामूल्य वापरावे, ही कल्पना मला तरी फार आवडते. डिसेंबर २०१३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा साडेचौदा हजारांहून अधिक संगणक लिनक्सवर चालत होते. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा दावा शहराने केला होता.

गोष्ट इथे संपली असती, तर एखाद्या बोधकथेसारखी झाली असती. तशी ती संपली नाही. २०१४ मध्ये उडे निवृत्त झाले आणि डिटर राइटर महापौर झाले. पक्ष तोच, पण लिनक्सविषयी त्यांना ममत्व नव्हते. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी पुढे येऊ लागल्या. बाहेरून आलेली फाइल नीट उघडत नाही, छपाई बिघडते, फोन जोडला जात नाही. त्यांतल्या काही खऱ्याच होत्या. मात्र २०१६ मध्ये सल्लागारांनी जो अहवाल दिला, त्यात मोठा दोष महापालिकेच्या विस्कळीत संगणक कारभारात असल्याचे म्हटले होते. खाती अनेक, जबाबदारी कोणाचीच नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतले मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आले. या दोन गोष्टींचा संबंध टीकाकारांनी जोडला. महापौरांनी तो नाकारला. २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षे खपून ज्या तंत्रज्ञांनी हे उभे केले, त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मग म्युनिक हरले असे म्हणायचे का? मी स्वतः बरीच वर्षे तसे म्हणत होतो. पण २०२० मध्ये तिथे नवी आघाडी आली आणि तिने करारात लिहून ठेवले, की तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या शक्य असेल तिथे शहर मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देईल. २०२४ मध्ये जर्मनीतल्याच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने आपले तीस हजार सरकारी संगणक मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसवरून लिबरऑफिसवर नेण्याचे ठरवले. पुढे विंडोजही सोडायची, हेही तेव्हाच जाहीर केले. म्युनिकने वाटेतले खड्डे आधीच दाखवून ठेवले होते. मागून येणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला नसेल, असे मला वाटत नाही.

म्युनिकच्या शेजारी ठेवून पाहावे असे दुसरे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळ सरकारने २००१ मध्ये शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ हा उपक्रम सुरू केला. संगणक शिकवायचा तर कोणत्या कंपनीचा, यावरून तिथे वाद झाला आणि शिक्षक संघटनाही त्यात उतरल्या. पुढच्या काही वर्षांत राज्यातल्या शाळा लिनक्सवर आल्या. २००६ मध्ये स्टॉलमन तिथे गेले, तेव्हा मुख्यमंत्री अच्युतानंदन यांनाही भेटले. दहावीची संगणकाची परीक्षादेखील मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. त्यांनी शाळांसाठी आपली वेगळी आवृत्ती तयार केली. मल्याळम लिहिण्याची सोय आणि भूमितीपासून चित्रकलेपर्यंतचे प्रोग्राम तिच्यात घालून दिले. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर ती चढवताना तीन हजार कोटी रुपये वाचतील, असे तिथल्या यंत्रणेने सांगितले होते.

सरकारे तिथेही बदलली. एकदा या आघाडीचे, एकदा त्या आघाडीचे. तरी शाळांतले लिनक्स टिकले. का? माझ्या मते त्याचे उत्तर शिक्षकांत आहे. केरळने आधी शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडवले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकवले, त्यांनी मुलांना. बिघाड झाला तर दुरुस्त करणारा माणूस शाळेतच किंवा शेजारच्या गावात होता. म्युनिकमध्ये कर्मचाऱ्यांच्या टेबलावर प्रणाली बदलली. ती आपली आहे असे त्यांना वाटले नाही. सॉफ्टवेअरचा परवाना मुक्त असला तरी ते समजून घेणारी माणसे नसतील, तर किल्ली हातात असूनही कुलूप उघडत नाही.

हे आज सांगायचे कारण म्हणजे म्युनिकपुढचा प्रश्न अलीकडेच आपल्यातल्या अनेकांच्या घरी येऊन गेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक एका तारखेला म्हातारे ठरले. अशा यंत्रावर लिनक्स चढवून ते आणखी काही वर्षे वापरता येते. मी वापरतो. पण त्यात कष्ट नाहीत, असे सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. एखादा प्रिंटर रुसतो. एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालतच नाही. तुमचा व्यवसाय अशा एकाच सॉफ्टवेअरवर अवलंबून असेल, तर घाई करू नका. सगळे एका दिवसात सोडण्याचीही गरज नाही. आधी त्याच विंडोजवर लिबरऑफिस वापरून पाहा, आपली कागदपत्रे खुल्या स्वरूपात साठवा. नवी सेवा घेताना विक्रेत्याला एवढेच विचारा: उद्या मी सोडून जायचे म्हटले, तर माझे सामान मला बरोबर नेता येईल का?

मराठीपुरता हा प्रश्न पुष्कळसा सुटला, तो युनिकोड या सर्वमान्य संकेतामुळे. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. आपल्या रोजच्या वापरात ती यायला मात्र आणखी पंधरा-वीस वर्षे लागली. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांच्या फॉन्टची मालिका मुक्त परवान्याखाली दिली आणि पुढे तिची देखभाल पुण्यात बसलेल्या तंत्रज्ञांनी केली. आज मराठीत लिहिलेली ओळ कोणत्याही फोनवर मराठीतच दिसते, यामागे अशी पुष्कळ लोकांची मेहनत आहे.

आणि आजोबांच्या आठवणी? माझ्या भाच्याने जुन्या फॉन्टचा तक्ता मिळवला, कोणत्या रोमन खुणेला कोणते मराठी अक्षर ते एकेक करून लिहून काढले आणि एक छोटासा प्रोग्राम तयार केला. मजकूर उघडला! पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवत, रफार नंतर. त्यामुळे जागोजागी त्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या होत्या. त्या हाताने दुरुस्त करायला मला अख्खा उन्हाळा लागला. त्या निमित्ताने सव्वाशे पाने पुन्हा वाचून झाली. आता ती फाइल खुल्या स्वरूपात आहे. भाच्याचा प्रोग्रामही आम्ही मागेल त्याला देतो. आतापर्यंत तिघांनी नेला. त्यांतल्या एका बाईंना वडिलांची पत्रे वाचता आली, असे त्यांनी कळवले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)