ग्वाल्हेरचा शिलालेख : देवाच्या वाट्याची शेती

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढणाऱ्या वाटेलगत एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर आहे. गुर्जर-प्रतिहार राजा मिहिरभोज याच्या काळात किल्ल्याचा कोट्टपाल अल्ल याने ते विष्णूसाठी उभारले आणि आपला पिता वैल्लभट्ट याच्या नावावरून देवाला वैल्लभट्टस्वामी असे नाव दिले. तेथील विक्रम संवत 933, म्हणजे इ. स. 876 मधील शिलालेख गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यातील 270 आणि 50 या संख्यांमध्ये शून्य आजच्यासारखेच लहान वर्तुळाने दाखविले आहे.

हे आकडे आले ते मात्र देवपूजा आणि शेती यांच्या हिशेबातून. फुलबागेसाठी नगराने 270 हात लांब व 187 हात रुंद जमीन दान दिली. धान्याच्या शेताचे मोजमाप त्यात पेरल्या जाणाऱ्या जवाच्या बियाण्यावरून सांगितले आहे. माळ्यांनी रोज 50 माळा द्याव्यात आणि तेल्यांनी प्रत्येक घाण्यामागे ठरलेले तेल पुरवावे, असेही ठरले. दान दिलेला पैसा खर्चून संपतो. जमीन दरवर्षी पिकते. म्हणून फुले, दिवा व नैवेद्य यांची सोय शेतीवर सोपविली गेली.

दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्यात पंधराव्या-सोळाव्या शतकांत याच जातीची व्यवस्था आढळते. तेथे जमिनीचे तीन वाटे असत : सूर्यदेव इंती व इतर देवतांचा, राजाचा आणि प्रजेचा. डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत मका पिके; कुस्को येथे हंगामाची पहिली नांगरट राजा स्वतः करी. इंकांना लिपी नव्हती. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत ठेवला जाई आणि शून्य म्हणजे गाठीविना सोडलेली जागा.

दोन्हींत एक भेद महत्त्वाचा आहे. इंकांच्या देवभूमीवर राबणे हे प्रजेचे राज्याप्रती सक्तीचे कर्तव्य होते. ग्वाल्हेरात नगराने जमीन दिली व व्यावसायिकांच्या समूहांनी पुरवठ्याची जबाबदारी स्वीकारली. देवस्थानाच्या सेवेसाठी जमिनी राखून ठेवणारी गोव्याची गावकरी याच परंपरेच्या जवळची होय.

अशा दानाने पुढच्या पिढ्यांतील माळी व तेलीही बांधले जात. तोंडी शब्द विसरला जाईल, सीमा सरकतील, हे भय होतेच. म्हणूनच बागेची लांबी-रुंदी दगडावर कोरली गेली आणि त्या सावधगिरीमुळे शून्याची ही जुनी खूण आजवर टिकली.