काँग्रेस गवत आलं कुठून?

मंडळी, बागेतलं गाजर गवत उपटायला रविवारी सगळे येणार आहात, म्हणून हा इतिहास. हे गवत मूळचं मेक्सिकोकडचं. १९५५ च्या सुमारास पुण्यात लोकांच्या नजरेत आलं. परदेशी गव्हातून बी आलं असं मानतात. इथं गुरं त्याला तोंड लावत नाहीत, अन् त्याला खाणारा किडा तिकडंच राहिला. मग रान मोकळंच! १९८४ साली बंगळुरूला मेक्सिकन भुंगा सोडला. तो पावसाळ्यात पानं खातो, पण गवत संपत नाही, कारण एका झाडाला हजारो बिया. तेव्हा ओल आहे तोवर, फुलाआधीच मुळासकट उपटा. हातमोजे घाला, खाज सुटते. फुललेलं झाड उकिरड्यात टाकू नका. खतातून तेच बी आपल्या वावरात येतं.