गालातला बार, पेशीतला जागल्या

गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला गोदावरीकाठी देह ठेवला. खालशासाठी जे चार कडक निषेध सांगितले जातात, त्यांत एक तंबाखूचा आहे. सचखंड हुजूर साहिबच्या आवारात आजही तंबाखूला मज्जाव आहे. त्याच शहराच्या बसस्थानकावर, मोंढ्यात, कोर्टाच्या पायऱ्यांवर मात्र तळहातावर अंगठा फिरत असतो. चुन्याची डबी उघडते, नखभर चुना तंबाखूवर पडतो, मळून झाल्यावर दोन थापा बसतात, धूळ उडते आणि बार खालच्या ओठामागे किंवा गालात जाऊन बसतो. मराठवाड्यात अनोळखी माणसाकडे पाणी मागताना एखादा संकोचेल, तंबाखू मागताना नाही.

बायकांची मशेरी वेगळी. तंबाखू तव्यावर काळी पडेस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना घासायची. सुरुवात दात स्वच्छ करण्यापासून होते. पुढे दिवसातून चार वेळा दात घासावेसे वाटू लागतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धुराशिवायची तंबाखू वापरताना आढळले. गुटख्यावर राज्याने २०१२च्या जुलैत बंदी घातली. पण नांदेडच्या देगलूर-धर्माबादपासून आणि लातूरच्या उदगीर-निलंग्यापासून राज्याची हद्द जवळ आहे, आणि हद्दीला पुडीचं वजन कधी जाणवलेलं नाही.

या बाराखालच्या नाजूक अस्तरात काय घडतं, हा प्रश्न नेटाने विचारला तो एका मराठी माणसाने. डॉ. वसंत रामजी खानोलकर लंडनहून विकृतिशास्त्र शिकून आले आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. रुग्णालय उघडलं १९४१च्या फेब्रुवारीत. १९४४मध्ये खानोलकरांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. गाठ कुठे आहे एवढं विचारून ते थांबले नाहीत. हा माणूस काय चघळतो, कुठल्या गालात ठेवतो, काय नेसतो, हेही त्यांनी विचारलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाईंनी लोकांच्या राहणीशी जोडलेल्या कर्करोगांवर एक निबंध लिहिला. त्यात 'धोतराचा कर्करोग' होता: कंबरेला जिथे धोतराची किंवा लुगड्याची गाठ वर्षानुवर्षं काचते, तिथल्या कातडीचा. आज तो क्वचितच दिसतो, कारण धोतरच क्वचित दिसतं. तंबाखूचं तसं झालं नाही.

खानोलकरांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, १९४९मध्ये पीएच.डी. झाल्या. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेनरिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१मध्ये काढलेल्या आणि आजतागायत बरण्यांमध्ये वाढत असलेल्या 'हेला' पेशी याच प्रयोगशाळेतल्या. परतल्यावर रणदिवेंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध शोधण्यात आयुष्य घातलं.

आनुवंशिकता हा शब्द इथे जरा थांबून वाचायला हवा. तपासणीचा कागद हातात पडल्यावर घरचे लोक हमखास म्हणतात, 'आमच्या खानदानात तर कुणालाच नव्हता.' बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. जनुकात जन्मतः आलेल्या दोषामुळे होणारा कर्करोग शंभरात साधारण पाच ते दहा जणांचा. उरलेल्यांमध्ये जनुक बिघडतो तो याच जन्मात, एकाच पेशीत, आणि त्या पेशीच्या पिल्लावळीत उतरतो. तो मुलाबाळांना जात नाही. तंबाखूतली नायट्रोसअमाइन वर्गातली रसायनं पेशीत शिरून डीएनएला चिकटतात. पेशी दुभंगताना त्या जागेची नक्कल चुकते. चुन्याने आम्लता मोडते, अस्तर सोलवटतं आणि निकोटीन लवकर शोषलं जातं, म्हणून तर चुना मळतात. सुपारी एकटीही निर्दोष नाही; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला तंबाखूविनाही कर्ककारक ठरवलं आहे.

डीएनएतल्या एका अक्षराच्या चुकीने काय होऊ शकतं हे १९८२मध्ये कळलं. मूत्राशयाच्या एका गाठीत, एचआरएएस या हजारो अक्षरांच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं सापडलं, आणि तेवढ्यावर पेशीची वाढ बेलगाम होत होती. पण अशा एका चुकीने सहसा गाठ होत नाही. चुका साठाव्या लागतात, आणि त्या साठू नयेत म्हणून पेशीत पहारा असतो.

जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. रात्री फेरी मारायची, वेशीत अनोळखी माणूस दिसला की हटकायचं. पेशीतल्या जागल्याचं नाव पी-५३. डीएनएत मोडतोड दिसली की तो पेशीचं दुभंगणं थांबवतो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतो. हे प्रथिन १९७९मध्ये सापडलं आणि पुढची दहा वर्षं शास्त्रज्ञ या जागल्यालाच चोर समजत होते, कारण प्रत्येक चोरीच्या ठिकाणी तो हजर दिसायचा. १९८९च्या सुमारास उलगडलं की गाठीत सापडणारा पी-५३ हा मोडलेला पी-५३ आहे.

जगातल्या देशांनी कर्करोगांचे जनुकीय नकाशे वाटून घेतले तेव्हा भारताने आपल्या वाट्याला घेतला तो गाल-हिरड्यांचा कर्करोग. हाच तो चुना-तंबाखूच्या जागेवरचा. पश्चिमेत तोंडाचा कर्करोग म्हटलं की बरेचदा जीभ. आपल्याकडे बार बसतो तिथे. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचं टाटा स्मारकाचं अ‍ॅक्ट्रेक यांनी हे काम केलं आणि २०१३मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. आधी ५० गाठी बारकाईने वाचल्या गेल्या, मग आणखी ६० गाठींवर पडताळा घेतला. सर्वाधिक वेळा मोडलेला सापडला तो पी-५३चा जनुक, म्हणजे आपला जागल्याच. त्याच्या जोडीला एफएटी-१, कॅस्पेज-८, नॉच-१ आणि १९८२चा तो जुना ओळखीचा एचआरएएस. यूएसपी-९एक्स, एआरआयडी-२ अशी काही नावं या रोगात पहिल्यांदाच पुढे आली. खानोलकरांनी १,००० रुग्णांना विचारलेल्या 'कुठल्या गालात ठेवता?' या प्रश्नाचं उत्तर ६९ वर्षांनी अक्षरांच्या भाषेत मिळालं.

गोष्टीचा दुसरा धागा बार्शीतून जातो, आणि लातूरकरांना बार्शी परकी नाही. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११मध्ये लातूरला पोचली. ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यातून निघून ती निजामाच्या मुलखात शिरायची, आणि माल, माणसं नि आजारपणं दोन्हीकडे वाहून न्यायची. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच. वेगळा जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ला.

मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी १९६३पासून होती. खेड्यांचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. १९८७मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. डॉ. बी. एम. नेने आणि टाटा रुग्णालयातल्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्यापुढची अडचण साधी होती: खेड्यातला माणूस रुग्णालयात येतच नाही, मग नोंद कुणाची करायची? म्हणून नोंदवही गावात नेली. कार्यकर्ते सरपंचाला भेटले, पारावर बसले, बायकांना गाठून अंगावरून अवेळी जाणं, न भरणारी जखम, गाठ यांविषयी बोलले. दोन गोष्टी हाती लागल्या. खेड्यात एकूण कर्करोग मुंबईपेक्षा बराच कमी होता. पण बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत वरचा होता. दुसरी गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. नुसत्या या बोलण्यामुळे बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५मध्ये हा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. यंत्र नाही, औषध नाही, पारावरची चर्चा.

गर्भाशयमुखाच्या गाठीत जागल्याची कथा वेगळीच निघते. तिथे पी-५३चा जनुक बहुधा शाबूत असतो. एचपीव्ही हा विषाणू आपलं ई-६ नावाचं प्रथिन सोडतो, ते तयार झालेल्या पी-५३ला पकडून पेशीच्या कचराकुंडीत नेतं. गालात जागल्याचे हात-पाय मोडलेले; इथे तो धडधाकट, पण रोज रात्री पळवून नेला जातो. गाय यांच्या प्रयोगशाळेतल्या हेला पेशींतही हेच चालू होतं, एचपीव्ही-१८च्या करणीने. हा विषाणू आणि हा रोग यांचं नातं दाखवणारे हॅरल्ड त्सूर हाउसेन यांना २००८मध्ये नोबेल मिळालं.

त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. १९९९ ते २००३ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला होता. एका गटाची एचपीव्ही डीएनए चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, चौथ्याची कुठलीच नाही. आठ वर्षं पाठपुरावा झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले: चाचणीच्या गटात ३४, विनाचाचणीच्या गटात ६४. पॅप आणि व्हिनेगर या दोन्ही गटांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावरून अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा आणि इतरांनी कडाडून टीका केली. संशोधकांचं म्हणणं होतं की देशात तेव्हा कुठल्याच खेड्यात तपासणी होत नव्हती, म्हणजे 'नेहमीची सेवा' हीच होती. युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. तरी ६४ हा आकडा वाचताना डोळे अडखळतात, आणि अडखळावेतच.

'कॅन्सर होईल' या दोन शब्दांचा धंदाही याच पट्ट्यात झाला. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांना अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीवर पिशवी काढायला लावल्याचं प्रकरण २०१९मध्ये गाजलं. सरकारच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत अशा शस्त्रक्रिया झालेल्या बायका तेरा हजारांवर निघाल्या. विषाणूची एक चाचणी जिथे पोचली नाही, तिथे कर्करोगाची भीती आधी पोचली.

उपचारांच्या वाटा हळूहळू जवळ आल्या. लातूरला डॉ. अशोकराव कुकडे आणि सहकाऱ्यांनी १९६६मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू केलं, पुढे त्याच संस्थेने कर्करोगाचं रुग्णालय काढलं. नांदेडला १९८८मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. औरंगाबादला २०१२मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालय उघडलं. तरीही फायली काखोटीला मारून मुंबईची गाडी पकडणारी माणसं या पट्ट्यात आजही दिसतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशांना वर्षानुवर्षं आसरा मिळत आला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणी हीच पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली. केंद्र सरकारच्या २०१६च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी लिहिली आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही, आणि मुंबईच्या वस्त्यांत ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचंही दिसलं आहे. घरातल्या बाईसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासणीची चौकशी करा. आणि ज्यांच्या खिशात चुन्याची डबी आहे त्यांनी आज रात्री आरशासमोर तोंड उघडून गालाच्या आत बघावं. पांढरा चट्टा, तीन बोटं मावत नाहीत इतकं आखडलेलं तोंड किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर ती दाताच्या डॉक्टरला दाखवावी.